सातव्या रांगेतला प्रॉम्प्टर

मागच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी, विद्यापीठाच्या प्रयोगकला केंद्राच्या मोठ्या सभागृहात, झाडीपट्टी रंगभूमीवर एकतीस हंगाम काम केलेली एक अभिनेत्री रंगमंचाच्या मध्यभागी चार मिनिटे दहा सेकंद एकही शब्द न बोलता उभी राहिली. वेळ कॅमेऱ्यावरची आहे. कॅमेरा माझ्याकडे होता. तिचा प्रॉम्प्टर त्या वेळी प्रेक्षागृहात सातव्या रांगेत बसला होता आणि नाटकाची वही त्याच्या मांडीवर होती.

तो प्रवेश निवडीसाठी होता. केंद्रात लोकनाट्य प्रशिक्षकाची एक जागा भरायची होती. नियुक्ती तीन वर्षांची आणि वयाची मर्यादा साठ. अभिनेत्री अठ्ठावन्न वर्षांची होती. पुढच्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा ती अर्ज करू शकणार नव्हती. दोन हंगामांपासून तिला कोणत्याही नाटक मंडळीने बोलावले नव्हते. आईची कामेही आता चाळिशीतल्या बायका करत होत्या. ही जागा मिळाली तर ती रंगभूमीवर राहणार होती, नाही तर नाही. एवढे तिने मला अर्ज भरताना सांगितले होते, याच क्रमाने.

अर्ज मी भरला होता.

मी केंद्रात प्रसिद्धी आणि नोंदींचे काम करतो. त्याआधी एकोणीस वर्षे वर्तमानपत्रात होतो, त्यातली बरीचशी भंडाऱ्याच्या कार्यालयात. केंद्र शहराबाहेर, नदीच्या अलीकडच्या अंगाला आहे. गच्चीवरून कारध्याचा पूल दिसतो. इमारतीत तीन रंगस्थळे आहेत. मोठे सभागृह, ज्यात पडदा, विंगा, वर दिवे टांगायच्या नळ्या आणि निळ्या खुर्च्या आहेत. छोटे प्रयोगगृह, म्हणजे चारही भिंती काळ्या रंगवलेली एक चौकोनी खोली. तिला विंगाच नाहीत. आणि मागच्या बाजूला खुला रंगमंच. हा आमच्या झाडीपट्टीच्या पद्धतीने केला आहे, जमीन उतरती खणून, म्हणजे मागे बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसते. फक्त गावांत खणलेल्या मातीवर भाताचे तणस टाकून बसतात, इथे फरशी बसवली आहे.

अर्ज भरायला ती जानेवारीच्या अखेरीस आली. नाकाडोंगरीहून तुमसर, तिथून दुसरी बस. बरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रे होती, काही मंडळींनी दिलेली, काही ग्रामपंचायतींची. तिला लिहितावाचता चांगले येत होते. पण केंद्राचा अर्ज सात पानी होता आणि तो कार्यालयात बसूनच भरून द्यायचा होता.

"तुमीच लिवा जी," ती म्हणाली. "माहं अक्षर पाहून साहेब लोकं आधीच नापास करतीन."

अकराव्या रकान्यात विचारले होते, सादरीकरणासाठी रंगमंचावर वा विंगेत लागणाऱ्या साथीदारांची नावे. खाली दोन ओळी होत्या, 'वादक' आणि 'इतर'.

"ऑर्गनवाला एक. तबलेवाला एक," ती म्हणाली.

"इतर?"

"इतर कोण राहीन? मी हावो नं."

मी 'इतर'समोर 'निरंक' लिहिले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. झाडीत नट पाठांतर करत नाही. हंगामात तो आज एका मंडळीत, उद्या दुसऱ्या मंडळीत असतो. नाटके वेगळी, गावे वेगळी, तालमी दोन किंवा एक. विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे नाटक वाचतो. नट एका कानाने त्याला ऐकतो आणि अर्ध्या श्वासाच्या अंतराने तेच वाक्य आपले करून बोलतो. मी लहानपणी पुढे बसून नाटके पाहिली. पुढे बसणाऱ्याला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते, आधी सपाट, मग भरलेले. पण सपाट आवाज ऐकल्याचे कोणी सांगणार नाही. मीही सांगितले नसते. मंडपाला खांब असतात तसा तो असतो. नाटकाला काय काय लागते याची यादी करायला झाडीतल्या माणसाला बसवले तर तो पडद्याची दोरीसुद्धा लिहील आणि प्रॉम्प्टर लिहायचा राहील.

आम्ही दोघेही झाडीतले होतो.

मंगळवारी प्रॉम्प्टर सव्वादहाला पोचला. तो वरठीच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटावर काम करायचा. रात्रपाळी करून मोटारसायकलने थेट आला होता. डब्याची पिशवी हँडलला तशीच होती. वय पन्नाशीच्या आत. अभिनेत्रीबरोबर त्याने बावीस हंगाम काढले होते. तिच्या वाट्याच्या प्रवेशाची वही त्याच्याकडे होती, तिच्याकडे नव्हती. तिला तिची कधी गरज पडली नव्हती.

रंगमंचाच्या दाराशी सुरक्षारक्षकाने यादी पाहिली. यादीत तीन नावे होती. रंगमंचावर वर लोखंडी नळ्या आणि वजने असल्यामुळे यादीबाहेरच्या कोणालाही मागे सोडायचे नाही, असा नियम आहे. नियम योग्य आहे. रक्षकाने त्याला प्रेक्षागृहात बसायला सांगितले. तो म्हणाला, "मी बाईचा प्रॉम्प्टर हावो." रक्षक म्हणाला, "हाव, पण कागदावर नाही." पहिल्या सहा रांगा समितीसाठी दोरी लावून राखल्या होत्या. तो सातव्या रांगेत बसला.

मला हे कळले तेव्हा अकराला चार मिनिटे कमी होती. मी केंद्रप्रमुखांकडे गेलो. ते बाहेरून आलेले आहेत, नाट्यशिक्षण मोठ्या संस्थेत झालेले, स्वभावाने सौम्य. ते तीन जणांच्या समितीतल्या बाहेरगावच्या तज्ज्ञांशी बोलत होते. मी सांगितले की एक माणूस यादीत राहिला आहे. त्यांनी विचारले, वादक का? मी म्हणालो, प्रॉम्प्टर. ते म्हणाले, "पंधरा मिनिटांचा प्रवेश आहे. तिचा स्वतःचा, तिने शेकडो वेळा केलेला. राहू द्या." मी परत कॅमेऱ्यापाशी गेलो.

प्रवेश असा होता: शहरातून बऱ्याच वर्षांनी परत आलेल्या मुलाला आई दारातच ओळख द्यायचे नाकारते. ऑर्गनवर प्रवेशाची धून वाजली. ती विंगेतून आली, मध्यभागी उभी राहिली, उजवीकडे पाहिले. उजव्या विंगेत, जिथे प्रॉम्प्टर असतो, तिथे अग्निशामक यंत्र होते.

धून संपली. ती बोलली नाही. ऑर्गनवाल्याने धून पुन्हा वाजवली, मग तिसऱ्यांदा. तिने पदर सारखा केला. सुरुवातीला समितीला ते अभिनयाचाच भाग वाटले असावे. चित्रफितीत तज्ज्ञ पुढे झुकलेले दिसतात. एक मिनिट चाळीस सेकंदांना सातव्या रांगेतून आवाज आला, सपाट, मोठा नाही: "दाराशी कोण उभं आहे, ते मला दिसतं."

तिने मान वर केली. तोंड उघडले.

तज्ज्ञांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाले, "प्रेक्षकांनी कृपया शांत राहावं."

प्रॉम्प्टरने वही मिटली. चित्रफितीत ते दिसत नाही. मी तिकडे पाहिले होते म्हणून मला माहीत आहे. त्यानंतर अडीच मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग केंद्रप्रमुख उठले आणि म्हणाले, "बाई, थांबू या."

ती खाली आली तेव्हा मी कॅमेरा बंद करत होतो.

"आलं का सगळं?" तिने विचारले.

"हो."

"चांगलं आलं असन. मी हललीच नाही."

प्रॉम्प्टर दाराशी उभा होता. त्याला ती एवढेच म्हणाली, "काय गा, पिच्चर पाहाले आलता काय?" त्याने तिला मोटारसायकलवर बस स्थानकापर्यंत सोडले.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रप्रमुखांना लेखी टिपण दिले. त्यात तीन गोष्टी होत्या: अर्ज मी भरला, अकरावा रकाना चुकीचा भरला गेला, आणि झाडीपट्टीच्या पद्धतीत प्रॉम्प्टर हा सादरीकरणाचा भाग असतो, म्हणून उमेदवाराला पुन्हा संधी द्यावी. त्यांनी मला बोलावले.

"मला एक सांगा," ते म्हणाले. "तिला वाक्यं येत नव्हती का?"

"येत होती. सकाळी व्हरांड्यात ऑर्गनवाल्याला तिने अर्धा प्रवेश म्हणून दाखवला होता. चहा पिता पिता."

"मग?"

"तो आवाज आल्याशिवाय ती सुरू करत नाही."

त्यांनी टिपण पुन्हा वाचले. "मुलांना मी पाठांतर सांगतो," ते म्हणाले. "ती काय सांगेल?" पण त्यांनी टिपणावर 'पुन्हा सादरीकरण, प्रॉम्प्टरसह' असे लिहून सही केली. त्यांना तसे करण्याचे कोणतेही बंधन नव्हते.

दुसरे सादरीकरण मार्चमध्ये झाले. मोठे सभागृह विद्यापीठाच्या कार्यक्रमासाठी गेले होते, म्हणून छोट्या प्रयोगगृहात. तिथे विंगा नसल्यामुळे प्रॉम्प्टरला काळ्या पडद्याला लागून स्टुलावर बसवले. तो तिच्यापासून दोन हातांवर होता आणि सगळ्यांना दिसत होता. समितीत तेच तिघे होते. अकराव्या रकान्यात या वेळी त्याचे नाव होते.

प्रवेश चौदा मिनिटांचा झाला. मी एकोणीस वर्षांत बरीच नाटके पाहिली आणि बऱ्याच नाटकांवर लिहिले. या चौदा मिनिटांबद्दल मी नोंदवहीत लिहिले ते असे: एकदाही अडखळली नाही, मुलगा समोर नसताना कुठे उभा आहे ते कळत होते, शेवटी तज्ज्ञांनी चष्मा काढला.

मग प्रश्न सुरू झाले. पहिला प्रश्न तज्ज्ञांनी तिला विचारला, आईच्या भूमिकेबद्दल. तिने उत्तर दिले. दुसरा प्रश्न त्यांनी स्टुलाकडे वळून विचारला.

"तुम्ही मध्ये एकदा बराच वेळ थांबलात. वहीत तिथे काही लिहिलं आहे?"

"नाही जी."

"मग पुढचं वाक्य कधी द्यायचं, हे कसं कळतं?"

"बाईचा खांदा पाहतो. खांदा खाली आला का देतो."

"आणि दुसरी नटी असेल तर?"

"एकीची मान राहते. एक होती, तिचा अंगठा. तालमीत पाहून ठेवावं लागते. कोण दम कुठं घेते ते एकदा मालूम झालं का मंग वही त नावाचीच."

तज्ज्ञांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी विचारले, दोन नट एकाच वेळी प्रवेशात असले तर? रडण्याच्या वाक्याला आवाज कसा ठेवता? नट वाक्य विसरून पुढे गेला तर? प्रॉम्प्टर एकेका प्रश्नाला उत्तर देत गेला. आधी बसून, मग उभा राहून, मग करून दाखवत. हे वीस मिनिटे चालले. अभिनेत्री चेहऱ्यावरच्या रंगासह जागेवर उभी होती. तिला बसायला कोणी सांगितले नाही. मीही नाही. मी चित्रण करत होतो.

निघताना ती प्रॉम्प्टरला म्हणाली, "आज तर तूच हिरो झालास गा."

तो म्हणाला, "विचारत होते त सांगतलं, बाई."

"हाव. चांगलं सांगतलं."

समितीचा अहवाल आठ दिवसांनी आला. अभिनेत्रीबद्दल लिहिले होते: उच्च दर्जाची कलावंत, स्वतंत्रपणे प्रशिक्षण देण्याबाबत समिती साशंक. प्रॉम्प्टरबद्दल लिहिले होते की ही पद्धत कुठेही शिकवली जात नाही आणि शिकवली जायला हवी. जाहिरातीतील वीस वर्षांच्या अनुभवाची अट तो पूर्ण करतो. त्याचा अर्ज घेऊन त्याच जागेसाठी विचार व्हावा. मुदत वाढवण्यात आली. अर्ज भरण्यासाठी त्याला माझ्याकडे पाठवण्यात आले.

तो ड्युटीच्या कपड्यांतच आला. दहा रकाने भरून झाले. अकराव्यावर मी थांबलो.

"लिवा, कलाकार एक," तो म्हणाला.

मी सांगितले की तिथे वादक वगैरे लिहायचे असतात.

"प्रॉम्प्टरले कलाकार लागते का नाही? मी काय भिंतीले वाचून दाखवू?"

मी 'इतर'समोर 'कलाकार – एक' लिहिले. त्याने खाली सही केली. मग पेन परत न देता विचारले, "बाईले कोणी सांगतलं का?"

"अजून पत्र गेलं नाही."

"मी सांगतो," तो म्हणाला. पेन टेबलावर ठेवत म्हणाला, "तुमी येता काय संगं?"

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही नाकाडोंगरीला गेलो. माझ्याकडे तिची मूळ प्रमाणपत्रे परत द्यायला होती. तिच्या अंगणात मोहफुले वाळत घातली होती आणि ती काडीकचरा वेचत होती.

"खाटेवर बसा जी, खाली मोहा हाये," ती मला म्हणाली. त्याला म्हणाली, "तू काहून उभा? तुह्यावाला तर बसूनच बोलाचा धंदा हाये."

तो बसला नाही. "बाई, त्यायनं मले बोलावलं."

"मालूम हाये. ऑर्गनवाला परवाच सांगून गेला. त्याचं तोंड काय बंद राहते?"

"तुमी नाही म्हणान त नाही जात."

"अन् मंग तू तुमसरच्या बाजारात सांगत फिरशील, बाईनं नोकरी खाल्ली म्हून." तिने एक काडी बाजूला टाकली. "जा. रात्रपाळी सुटन. तुह्या बायकोले तरी तू दिवसाचा दिसशील."

"तुमालेही घेऊ म्हणतो मी. साहेबाले सांगतो. पोट्ट्यायले दाखवाले तुमी पाहिजे."

"कोण म्हून येऊ? तुही वही धराले?"

मी प्रमाणपत्रांची पिशवी दिली. तिने ती उघडून मोजून पाहिली नाही, तशीच खाटेवर ठेवली.

"त्या कागदावर तुमी काय लिवलं होतं जी?" तिने मला विचारले. "त्या इतरच्या पुढं."

"निरंक."

"म्हंजे?"

"काही नाही, असा अर्थ."

"हाव." ती थोडा वेळ मोहफुलांतून हात फिरवत राहिली. "तुमची चुकी नाही. मीच तसं सांगतलं. मी बावीस वर्सं त्याच्या आवाजानं बोलली अन् मलेच तो याद नाही आला." मग म्हणाली, "पर तुमी त झाडीतलेच होते. अन् लिवणारे."

मी माझ्या टिपणाची प्रत बरोबर नेली होती. ती खिशातच राहिली. तिने आम्हाला चहा दिला. निघताना प्रॉम्प्टर वाकून तिच्या पाया पडला. ती म्हणाली, "हे काय नवीन काढलंस," आणि पाय मागे घेतले नाहीत.

जुलैच्या एक तारखेला तो केंद्रात रुजू झाला. कारखान्याचे काम त्याने आदल्या आठवड्यात सोडले होते. पहिल्या दिवशी त्याने अठरा विद्यार्थ्यांना दोन-दोनच्या जोड्यांत उभे केले. एकाने वाचायचे, दुसऱ्याने बोलायचे, आणि वाचणाऱ्याने बोलणाऱ्याचे अंग पाहायचे. दुपारपर्यंत कोणालाच जमले नाही. केंद्रप्रमुख पाऊण तास मागे उभे राहून पाहत होते. पाठांतराचा तास त्यांनी वेळापत्रकातून काढला नाही; तोही सुरू आहे.

ऑगस्टमध्ये प्रॉम्प्टरने लेखी विनंती केली की अभिनेत्रीला महिन्यातून दोन दिवस पाहुणी कलावंत म्हणून बोलवावे. केंद्रप्रमुखांनी मान्य केली. पत्र मी लिहिले आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले. पोच आली. उत्तर आले नाही. सप्टेंबरमध्ये दुसरे पत्र गेले. त्याचीही पोच आली, सही तिचीच होती.

डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांचे पहिले नाटक खुल्या रंगमंचावर ठरले, संध्याकाळी पाचला, उजेड असतानाच सुरू होईल असे. खुल्या रंगमंचाच्या नकाशात विंग नव्हती. प्रॉम्प्टरने उजव्या बाजूला बांबूचे दोन तट्टे उभे करून घेतले आणि मागे लाकडी पेटी ठेवली. पेटीवर तो स्वतः बसणार नव्हता. एक विद्यार्थिनी बसणार होती. दुसऱ्या वर्षाची, पवनीकडची.

नाटकाच्या चार दिवस आधी मी अभिनेत्रीला फोन केला. बस कोणती सोयीची आहे ते सांगितले, परतीला केंद्राची गाडी सोडेल असेही सांगितले.

"तो बसन काय आतमंदी?" तिने विचारले.

"नाही. एक मुलगी बसणार आहे."

"पोट्टी?"

"हो."

"तिले म्हणा, पाणी संग ठेव. गळा सुकते." मग म्हणाली, "पाहीन. जमलं त येईन."

तिसऱ्या रांगेत, उजवीकडून दुसरी जागा मी राखून ठेवली. तिथून तट्ट्यामागचा आवाज ऐकू येतो. फरशीवर सतरंजीची घडी टाकली आणि तिच्या नावाचा कागद दगडाखाली ठेवला. प्रॉम्प्टर सुरू होण्याआधी दोनदा येऊन ती जागा पाहून गेला. पाच वाजून बारा मिनिटांनी नाटक सुरू झाले. तट्ट्यामागून पहिले वाक्य आले, सपाट. मग रंगमंचावरून तेच वाक्य आले. प्रॉम्प्टर सर्वांत मागे, खणलेल्या काठावर उभा होता.

मध्यंतरापर्यंत ती जागा रिकामी होती. तुमसरकडून येणारी शेवटची सोयीची बस साडेचारला लागते. ती वेळेवर लागल्याचे मी स्थानकावर फोन करून विचारून घेतले. मध्यंतरानंतर एका विद्यार्थ्याचे वडील उशिरा आले आणि त्यांना बसायला जागा नव्हती. मी कागद उचलला. ते सतरंजीवर बसले.